राज्य लॉटरी : सोडत, आकडा आणि संसाराचा हिशेब

१२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरीची स्थापना झाली. त्या वेळी शासनापुढे दोन उद्दिष्टे होती. विकासकार्यासाठी करांव्यतिरिक्त उत्पन्नाचे एखादे साधन मिळवावे, हे पहिले उद्दिष्ट कोणत्याही राज्य शासनाला सुचण्याजोगे होते. दुसरे मात्र खास महाराष्ट्राच्या, किंबहुना मुंबईच्या परिस्थितीतून निर्माण झाले होते. मटका आणि बेकायदेशीर खाजगी सोडती यांमध्ये सामान्य माणसाचा पैसा दररोज वाहून जात होता. नशीब अजमावण्याची माणसाची हौस कायद्याने नाहीशी होत नसेल, तर निदान तिला एक उघड आणि हिशेबी वाट काढून द्यावी, असा त्यामागील विचार होता. केरळने या वाटेने आधीच पाऊल टाकले होते. तेथे १९६७ मध्ये लॉटरी विभाग स्थापन झाला आणि २६ जानेवारी १९६८ रोजी पहिली सोडत निघाली. एक रुपयाच्या तिकिटाला पन्नास हजार रुपयांचे पहिले बक्षीस होते.

त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. रेल्वे स्थानकाबाहेरील टपरीपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत लॉटरीचे तिकीट सर्वांच्या परिचयाचे झाले. लॉटरी हा जुगार आहे काय, तिच्यापासून धोका किती, आणि शासनाने हा व्यवहार करावा काय, हे प्रश्न मात्र अद्यापही विचारले जातात. त्यांचा विचार करावयाचा तर ज्या मटक्यावर उपाय म्हणून लॉटरी आली, त्या मटक्याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

रुईच्या भावापासून मडक्यापर्यंत

मटका म्हणजे साधे मातीचे मडके. परंतु या सट्ट्याचा उगम मडक्यात नसून कापसाच्या व्यापारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीचे आणि अखेरचे भाव तारायंत्राने मुंबईस कळविले जात आणि त्या भावांतील आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्यातील शब्द त्या बाजारातूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे भाव येणे बंद झाले, पण पैजा लावणारे आणि त्या घेणारे दोघेही जागच्या जागी होते. तेव्हा आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून त्यातून एकेक काढण्याची युक्ती निघाली. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेतील शेवटचा अंक तो त्या वेळचा ‘आकडा’ मानावयाचा, अशी रीत पडली. मडके गेले तरी नाव राहिले.

या धंद्याचा जम लालबाग, परळ, वरळी या गिरणगावात बसला, हे स्वाभाविक होते. तेथे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो कामगारांच्या हाती दरमहा रोख पगार पडे. आकडा लावण्यासाठी कोठे दूर जावे लागत नसे. गिरणीच्या दारात, पानाच्या गादीवर, चाळीच्या तोंडाशी पैसे घेणारा माणूस उभा असे. चार-आठ आणेही चालत. स्वप्नात काय दिसले, रस्त्यात कोणत्या क्रमांकाची गाडी आडवी गेली, यावरून आकडा काढणारे जाणकार आळीआळीत होते आणि आकडा ‘देणाऱ्या’ बुवांनाही तोटा नव्हता. गावी जाणारी मनिऑर्डर एखाद्या महिन्यात उशिरा गेली किंवा कमी रकमेची गेली, की त्याचे खरे कारण घरच्यांना पत्रातून कळत नसे.

हा व्यवहार मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ अन्वये गुन्हा होता आणि आजही आहे. तथापि धाडी पडत आणि चार दिवसांनी धंदा शेजारच्या गल्लीत पुन्हा सुरू होई. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मटक्याचा हा मोठा गिऱ्हाईकवर्ग विस्कटला. पोलिसांच्या कारवाईइतकाच हा बदलही मटक्याला भोवला असावा.

राजसत्ता आणि फासे

शासनाने जुगाराला आपल्या देखरेखीखाली घ्यावे, ही कल्पना विसाव्या शतकातील नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांपायी जुगाऱ्याची आणि त्याच्या घराची झालेली दैना वर्णिली आहे. असे असूनही कौटिल्याने अर्थशास्त्रात जुगार बंद करण्याऐवजी त्यावर ‘द्यूताध्यक्ष’ नावाचा अधिकारी नेमण्यास सांगितले. खेळ ठरलेल्या एकाच जागी व्हावा, अन्यत्र खेळणाऱ्यास दंड करावा, फासे सरकारमान्य असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजकोशात जमा व्हावेत, अशी ती व्यवस्था होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यात तर लॉटरीच्या पैशातून नगररचना झाली. १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी समितीने त्या शहरातील कितीतरी रस्ते आणि तलाव केले. इंग्लंडमध्ये टीका झाल्यामुळे १८३६ मध्ये तो मार्ग सोडून देण्यात आला.

भारतीय राज्यघटनेनेही लॉटरीची गणना दोन ठिकाणी केली आहे. पैजा आणि जुगार हा विषय राज्यसूचीत आहे. परंतु केंद्र किंवा राज्य शासनाने चालविलेली लॉटरी संघसूचीत चाळिसाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे लॉटरी चालवावयाची राज्याने आणि तिचे नियम करावयाचे संसदेने. खाजगी व्यक्तीला लॉटरी चालविण्याची मुभा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ प्रमाणे तो अपराध होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये ती तरतूद कायम आहे.

लॉटरी जुगार आहे काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी निःसंदिग्धपणे दिले आहे. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोडे स्पर्धेसंबंधीच्या खटल्यात, जुगार हा व्यापार नव्हे आणि व्यापारस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचे संरक्षण त्यास मिळू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात न्यायालय आणखी स्पष्ट बोलले. राज्याने चालविली म्हणून लॉटरीचे मूळ स्वरूप पालटत नाही. तो कायद्याने परवानगी दिलेला जुगारच होय, असे न्यायालयाने म्हटले. शासकीय प्रकाशनातही हे लपविण्याचे कारण नाही.

गणित काय सांगते

लॉटरीचे गणित अवघड नाही. उदाहरणादाखल अशी सोडत घेऊ, की जिची दहा रुपये किमतीची दहा लाख तिकिटे छापली आणि सर्व विकली गेली. जमा झाला एक कोटी रुपया. त्यातील पन्नास लाख बक्षिसांत वाटले आणि उरलेल्या पन्नास लाखांतून छपाई, जाहिरात, विक्रेत्यांचे कमिशन, कर आणि शासनाचा वाटा भागविला. आता एखाद्या धनिकाने सर्वच्या सर्व दहा लाख तिकिटे स्वतः घेतली, तर सगळी बक्षिसे त्यालाच मिळतील आणि तरीही त्याला पन्नास लाखांची खोट येईल. अधिक तिकिटे घेतल्याने नुकसानीची खात्रीच वाढत जाते, हे अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. याच सोडतीचे एक तिकीट दर आठवड्याला याप्रमाणे कोणी सलग ४० वर्षे घेत राहिला, तर २,०८० तिकिटे होतात. त्यांवर २०,८०० रुपये खर्च होतात आणि एवढे करून पहिले बक्षीस मिळण्याची शक्यता सुमारे ४८० मध्ये एक एवढीच असते.

या हिशेबाशेजारी मटक्याचा हिशेब मांडला, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दहापैकी एका अंकावर लावलेल्या रुपयाला सामान्यतः नऊ रुपये मिळत. पत्ते प्रामाणिकपणे काढले जातात असे घटकाभर धरले (तसे धरण्यास फारसा आधार नाही), तर शंभर रुपयांतील सरासरी नव्वद परत येतात. वरील लॉटरीत मात्र शंभरातील पन्नासच परत येतात. कागदावर पाहता मटका अधिक उदार ठरतो! मग संसार बुडाले ते मटक्यात का?

याचे उत्तर वेगात आहे. मटक्याचा निकाल दिवसातून दोनदा लागतो. हाती आलेले पैसे पुन्हा लावले, की त्यांचे पुन्हा नव्वद टक्के होतात, मग त्यांचे नव्वद टक्के, असे चालू राहते. दिवसातून दोन वेळा याप्रमाणे दहा दिवस, म्हणजे वीस वेळा रक्कम फिरली, तर शंभर रुपयांतील सरासरी बारा रुपये शिल्लक राहतात. आठवड्याला दहा रुपयांचे एक तिकीट घेणाऱ्याचे त्याच काळात फार तर दहा-वीस रुपये जातात. दोन सोडतींच्या मधल्या काळात त्याचा पगार होतो, किराणा भरला जातो, मुलांची फी दिली जाते. गमावलेले लगेच भरून काढण्याची संधीच त्याला मिळत नाही. तिकिटाची किंमतही छापील असते. हातघाईवर आलेला माणूस ऐनवेळी तिच्यावर दुप्पट रक्कम लावू शकत नाही. पहिल्या बक्षिसाचा आकडा केवढा मोठा आहे, यावरून लॉटरीच्या धोक्याची कल्पना येत नाही. पैसा लावणे आणि निकाल कळणे यांत अंतर किती, यावरून ती येते.

आकडा लावणाऱ्याच्या मनाची एक समजूत येथे सांगितली पाहिजे. सात हा आकडा बरेच दिवस आला नाही, म्हणून तो आता येणारच, असे त्याला वाटते. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते; यंत्राला किंवा पत्त्यांना मागच्या निकालाची आठवण नसते. तसेच बक्षिसाच्या क्रमांकाशी आपला क्रमांक एका अंकाने चुकला, की ‘थोडक्यात हुकले’ अशी हुरहूर लागते आणि पुढच्या तिकिटासाठी हात पुढे होतो. वास्तविक एका अंकाने हुकलेले तिकीट आणि सर्व अंकांनी हुकलेले तिकीट यांचे मोल सोडतीनंतर सारखेच असते.

लॉटरी मटक्यासारखी होते तेव्हा

लॉटरीच्या समर्थनार्थ जे मांडले गेले, ते सारे मटक्याहून तिच्या वेगळेपणावर आधारलेले होते. हे वेगळेपण कायम राहिले नाही. काही राज्यांच्या नावे एक अंकी लॉटऱ्या निघाल्या. तिकीट स्वस्त, बक्षीस शेवटच्या एका अंकावर आणि निकाल त्याच दिवशी. मटकाच तो, केवळ छापील तिकिटावरचा. रिक्षाचालक, हमाल, फेरीवाले, रोजंदारीवरचे मजूर यांची दिवसाची कमाई संध्याकाळपर्यंत त्यात जाऊ लागली. अखेर संसदेने लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ केला. त्यानुसार पूर्वघोषित क्रमांकावर किंवा एका अंकाच्या आधारे बक्षीस देण्यास मनाई झाली. तिकिटे राज्य शासनाने स्वतः छापावी, सोडत राज्यातच आणि शासनानेच काढावी, विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हावी, न मागितलेली बक्षिसे शासनाची मालमत्ता व्हावी, कोणत्याही एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत असू नये आणि भव्यतम म्हणजे बंपर सोडती वर्षात सहापेक्षा अधिक नसाव्यात, अशी बंधने घालण्यात आली.

आठवड्यात एक सोडत हे बंधन यांतील सर्वांत मोलाचे. पण ते प्रत्येक लॉटरीपुरते आहे. एकाच राज्याने निरनिराळ्या नावांच्या अनेक लॉटऱ्या काढल्या, तर प्रत्येकीची सोडत आठवड्यातून एकदा होऊनही गिऱ्हाइकाला रोजच सोडत मिळते. केरळमध्ये आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळ्या नावाची लॉटरी असते. महाराष्ट्रातही सागरलक्ष्मी, गजलक्ष्मी अशा साप्ताहिक योजना आल्या. यंत्रावर चालणारी ऑनलाइन लॉटरी आल्यावर तर छापील तिकिटाच्या सोडतीतील सक्तीची विश्रांती आणखी कमी झाली. कायद्याचा शब्द पाळूनही त्याचा हेतू निसटू शकतो, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

महाराष्ट्रापुढे आणखी एक पेच आहे. परराज्यांच्या लॉटऱ्यांची येथील विक्री थांबविण्याचा राज्याचा प्रयत्न १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. १९९८च्या कायद्याने राज्यांना तसा अधिकार दिला खरा, परंतु ज्या राज्याने स्वतःची लॉटरीही बंद केली आहे, त्यालाच तो वापरता येईल, असे न्यायालयाने १९९९च्या निर्णयात ठरविले. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये तो मार्ग पत्करला व लॉटरी पूर्णपणे बंद केली. गरीब कुटुंबांची होणारी हानी हे त्यामागील प्रमुख कारण होते. केरळची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. तेथे २०११ मध्ये ‘कारुण्य’ लॉटरी सुरू करून तिचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांस जोडण्यात आले आणि तिकीटविक्रीवर अनेक अपंग व वृद्ध विक्रेत्यांची गुजराण होते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. स्वतःची लॉटरी ठेवावयाची तर इतरांच्या लॉटरीला दार बंद करता येत नाही. ते बंद करावयाचे तर आपली लॉटरी आणि तिच्यावर पोट असणारे विक्रेते यांचा विचार करावा लागतो. बंदीनंतर ते पैसे घरात राहतील की पुन्हा मटक्याकडे वळतील, हाही प्रश्न आहेच. कराचा भार मात्र वाढत गेला. लॉटरीवरील वस्तू व सेवा कर १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

शासनाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा विचार करताना ते कोणाच्या खिशातून येते, हेही पाहणे अगत्याचे आहे. प्राप्तिकर मिळकतीप्रमाणे वाढतो. लॉटरीच्या तिकिटाची किंमत हमालाला आणि कारखानदाराला एकच असते आणि टपरीसमोर कारखानदार क्वचितच उभा दिसतो.

घरातील जमाखर्च

महिन्यातून एखादे तिकीट घेणारा माणूस सिनेमाच्या तिकिटासारखाच खर्च करतो. सोडतीपर्यंतचे चार दिवस तो मनात घर बांधतो, मुलीचे लग्न करतो आणि मग विसरून जातो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता वाटावी ती तिकिटाचा खर्च जमेच्या बाजूस धरणाऱ्याची. कर्ज फेडण्यासाठी तिकीट घेणे, तिकिटासाठी उसने घेणे, गेलेले भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी अधिक तिकिटे घेणे, किती घेतली ते घरात न सांगणे, ही लक्षणे दिसू लागली की प्रकरण हौसेच्या पलीकडे गेले असे समजावे. याचा पहिला सुगावा बहुधा घरातील स्त्रीला लागतो; किराणा दुकानदाराची उधारी आणि बचत गटाचा चुकलेला हप्ता यांतून. अशा वेळी भांडणापेक्षा घरातील पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती देणे आणि शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला घेणे अधिक उपयोगी पडते. जुगाराचे व्यसन हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते.

बक्षीस लागले तरी सर्व सुरळीत होतेच असे नाही. २०२२ मध्ये केरळच्या ओणम बंपर सोडतीत तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकास पंचवीस कोटींचे बक्षीस लागले. ५०० रुपयांच्या त्या तिकिटाच्या साठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. विक्रेत्याचे दहा टक्के कमिशन आणि उरलेल्या रकमेवरील तीस टक्के प्राप्तिकर वजा जाता त्याचा वाटा पावणेसोळा कोटींचा होता. काही दिवसांतच मदत मागणाऱ्यांची दाराशी एवढी रीघ लागली, की बक्षीस लागले नसते तर बरे झाले असते, असे त्याने जाहीरपणे सांगितले.

तिकीट जपणे आणि फसवणूक टाळणे

लॉटरीचे तिकीट ज्याच्या हाती, त्याचे बक्षीस, असा सर्वसाधारण प्रघात असल्याने तिकीट घेताच मागील बाजूस नाव, पत्ता आणि सही करून ठेवावी. निकाल विक्रेत्याच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत यादीत स्वतः पाहावा. लहान बक्षिसे विक्रेत्याकडे मिळतात. मोठ्या बक्षिसांसाठी मूळ तिकिटासह तिकिटावर छापलेल्या मुदतीत लॉटरी कार्यालयाकडे मागणी करावी लागते. फाटलेले किंवा खाडाखोड केलेले तिकीट नाकारले जाऊ शकते.

अलीकडे मात्र तिकीट न घेताच लॉटरी लागल्याचे निरोप येऊ लागले आहेत. मोबाइलवर एखाद्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे नाव, नामवंतांची छायाचित्रे आणि पंचवीस लाखांच्या बक्षिसाचे पत्र येते. मग कर, नोंदणी किंवा बँकेचा खर्च म्हणून आधी काही हजार रुपये भरण्यास सांगितले जाते. ते भरले की दुसरे कारण निघते. जी सोडत आपण खेळलोच नाही, तिचे बक्षीस लागू शकत नाही. खऱ्या लॉटरीतील प्राप्तिकर बक्षिसाच्या रकमेतूनच कापला जातो. विजेत्याला बक्षीस मिळविण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. अशा रीतीने कोणाचे पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तक्रार जितक्या लवकर होईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.